शेवटचा बार, आणि त्यानंतरचे साडेसहा तास

रानभूल | सोमवार, रात्री ११.४०

इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहिलं फार कमी. हा धागा काढावा की नाही याचा महिनाभर विचार केला. शिकारीचं नाव काढलं की चर्चा कुठे जाते ते ठाऊक आहे. तरीही विचारतोय, कारण घरात या विषयावर बोलायला कुणी नाही, आणि ज्यांच्याशी बोललो असतो ते फेब्रुवारीत गेले.

मी राहतो तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत हरणांची शिकार करता येते. मला ज्यांनी शिकवलं ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे, ७८ वर्षांचे. नाव लिहीत नाही, आजोबा म्हणतो. पहिली दोन वर्षं त्यांनी मला रायफलीला हात लावू दिला नाही. वारा कुठून आहे, खुराचा ठसा किती वेळापूर्वीचा आहे, लेंड्या ताज्या की कालच्या, एवढंच शिकायचं. तिसऱ्या वर्षी कागदावर नेम. त्यांचा स्वतःचा एक नियम होता. हंगामाआधी शंभर मीटरवरून पाच गोळ्या झाडायच्या. पाचही पंजाएवढ्या गोलात बसल्या तर त्या वर्षी शिकारीला जायचं. चार बसल्या तर नाही. मी एकदा म्हटलं, पाचात चार म्हणजे चांगलंच की. तर म्हणाले, "पाचवी ज्याला लागायची त्याला जाऊन सांग."

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या तीनच बसल्या. हात थरथरायला लागला होता. त्यांनी रायफल पुसली, माझ्याकडे दिली, आणि ६० वर्षांची शिकार त्या दिवशी संपवली. त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या पाच बसल्या होत्या. ऑक्टोबरात मी बार टाकला, ते शेजारी दुर्बीण घेऊन बसले होते. सकाळी सात वाजता एक मादी कडेला आली. पाडस बरोबर नव्हतं, ते दोघांनीही नीट पाहून घेतलं. खांद्याच्या मागे नेम धरला, चाप ओढला, आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं.

वर्मी लागली नाही. तिची पाठ कमानीसारखी वर उचलली गेली आणि ती पळाली नाही, चालत झाडीत गेली. वर्मी लागलेलं हरीण उधळतं. हे असं चालत जाणं म्हणजे काय ते मला पुस्तकी माहीत होतं. आम्ही ती उभी होती तिथे गेलो. जमिनीवर रक्त जवळजवळ नव्हतंच. हिरवट पाणी, त्यात चावलेल्या गवताचे कण, थोडे लांब फिकट केस. आजोबांनी ते बोटावर घेऊन हुंगलं आणि म्हणाले, "पोटात गेलीय. आता सहा तास थांबायचं."

मी लगेच मागे जायला निघालो होतो. त्यांनी माझा दंड धरून खाली बसवलं. आत्ता मागे लागलास तर ती उठेल, दोन-चार किलोमीटर जाईल, आणि आपल्याला कधीच सापडणार नाही. एकटं सोडलं तर जवळच बसेल. तिचे हाल कमी करायचे असतील तर आत्ता जायचं नाही.

ते तास मला आयुष्यात विसरता येणार नाहीत. झाडीत कुठेतरी शे-दोनशे पावलांवर एक जीव मी केलेल्या चुकीमुळे मरत होता, आणि मी एका ओंडक्यावर बसून घड्याळ बघत होतो. दहा वाजण्याच्या सुमारास आजोबांनी मला सांगितलं की त्यांचा कर्करोग हाडांत उतरला आहे. उन्हाळ्यातच कळलं होतं. डॉक्टरांनी जे उपाय सांगितले त्यांतले काही त्यांनी नाकारले होते. मी काय बोलावं हे मला सुचलं नाही. तेही पुढे बोलले नाहीत.

दीड वाजता निघालो. १४० पावलांवर ती सापडली. बसलेली होती. जिवंत होती. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिलं, उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही. दुसरी गोळी मी मानेत घातली.

मग आजोबा तिच्याजवळ बसले, हातमोजा काढला, आणि तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. मला वाटलं प्रार्थना करताहेत. नंतर विचारलं तर म्हणाले, "ऊब जाईपर्यंत उठायचं नाही, एवढंच."

आता त्यांची रायफल माझ्याकडे आहे. कागदपत्रं माझ्या नावावर झाली. हंगाम सहा आठवड्यांवर आलाय. मी पुन्हा जावं का? कायद्याचं विचारत नाहीये, ते सगळं रीतसर आहे.

शिंपला | मंगळवार, सकाळी ७.१५

लेखन चांगलं आहे म्हणूनच जास्त त्रास झाला. स्पष्ट लिहिते, राग नसावा.

तुमच्या गोष्टीत आजोबा आहेत, त्यांचा आजार आहे, तुमची घालमेल आहे. त्या हरणीचं काय? तिला तुमच्या कुणाच्याही मरणाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती सकाळी चरायला आली होती. तिच्या साडेसहा तासांमुळे तुम्हाला मृत्यूबद्दल काहीतरी समजलं असेलही. पण स्वतःला मरण समजावं म्हणून दुसऱ्याचं मरण वापरायचं, हे मला मान्य होऊच शकत नाही. तुमच्या घरात अन्न होतं. मग हे कशासाठी?

कवडसा | मंगळवार, सकाळी ९.०२

शिंपलाताई, तुमचा प्रश्न योग्य आहे, पण तो मला आधी स्वतःला विचारावा लागतो. मी मांस खातो. आयुष्यात एकही प्राणी मी मारलेला नाही आणि म्हणून माझे हात स्वच्छ आहेत असं मी कायम समजत आलो. जगात दरवर्षी खाण्यासाठी ८,००० कोटींहून जास्त जमिनीवरचे प्राणी मारले जातात. त्यांत बहुसंख्य कोंबड्या. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची होते न होते तोच कापली जाते, आणि तेवढ्या दिवसांत तिचं वजन इतकं वाढवलेलं असतं की अनेकींना पायांवर नीट उभं राहता येत नाही. रानभूल यांच्या हरणीने त्या सकाळपर्यंतचं आयुष्य तरी स्वतःच्या मर्जीने काढलं.

हे शिकारीचं समर्थन नाही. ताटावर बसून शिकाऱ्याला बोल लावणं मला जमत नाही, इतकंच.

तिसरा प्रहर | मंगळवार, दुपारी १.३०

मी पशुवैद्य आहे. दोन-तीन गोष्टी शरीरशास्त्राच्या अंगाने.

हृदय-फुप्फुसाच्या पट्ट्यात गोळी बसली तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. ते त्या अवस्थेतही शंभरेक मीटर धावू शकतं, पाहणाऱ्याला ते भयंकर दिसतं, पण जाणिवेचा काळ थोडाच असतो. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं. यकृताचं गडद. आणि रानभूल यांनी वर्णन केलंय ते आतड्याचं. त्यात मोठी रक्तवाहिनी फुटलेली नसते. आतड्यातली घाण पोटाच्या पोकळीत पसरते, रक्तदाब हळूहळू उतरतो, आणि याला तास लागतात. वेदना होतात. मोठ्या होतात. हरणं भक्ष्य असल्यामुळे त्या दाखवत नाहीत, कारण दाखवणारं हरीण आधी मारलं जातं. गप्प बसलेलं जनावर शांत आहे असं कुणी समजू नये.

थांबण्याचा आजोबांचा निर्णय बरोबर होता. तो घेणं सोपं नसतं. माझ्या पेशात मी उलट चूक जास्त पाहिली आहे. माणसाला स्वतःची घालमेल सहन होत नाही म्हणून तो काहीतरी करायला धावतो, आणि जनावराचे हाल वाढवतो.

आता दुसरी बाजू. जंगलात म्हातारपण म्हणजे काय ते आपण विसरतो. हत्तीला आयुष्यभरात दाढांचे सहा संच येतात. सहावा झिजला की चावता येत नाही, आणि एवढा प्रचंड देह भुकेने खचत जातो. हरणाचेही दात झिजतात. त्यानंतरचा पहिला कडक हिवाळा त्याला नेतो. झोपेत शांतपणे गेलेलं रानटी जनावर मी तरी पाहिलेलं नाही.

शिंपला | मंगळवार, दुपारी ३.४८

डॉक्टर, माहितीबद्दल मनापासून आभार. पण शेवटच्या परिच्छेदातून जे सुचवलं जातंय ते मला पटत नाही. निसर्गात मरण वाईट असतं, म्हणून मी त्याला आधीच मारतो, हा युक्तिवाद माणसाला लावून बघा. आपल्यातल्या बहुतेकांचं मरण वाईटच असणार आहे. लांबलेलं, नळ्या लावलेलं. म्हणून चाळिशीत, तब्येत ठणठणीत असताना, मला कुणी नेमका बार मारून सोडवलेलं चालेल का? त्या हरणीचे दात झिजले नव्हते. पुढचा वसंत तिचा होता. तो हिरावला गेला याचा हिशेब वेदनेच्या मिनिटांत होत नाही.

तिसरा प्रहर | मंगळवार, दुपारी ४.२०

हे बरोबर आहे. वेदना कमी होती असं दाखवून मृत्यूचा प्रश्न सुटत नाही, मान्य करतो. मी दोन वेगळे प्रश्न एकत्र केले.

ओलीमाती | मंगळवार, रात्री ८.५५

मी शेती करते. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. तक्रार, अर्ज, परवानगी, आणि मग वनखात्याने नेमलेला माणूस येऊन मारतो. मला त्यात आनंद नाही, तत्त्वज्ञानही नाही. पण एक सांगते. शेजारच्या बांधावर कुणीतरी तारेचा फास लावला होता. त्यात एक डुक्कर अडकलं, आणि लावणारा दोन दिवस फिरकलाच नाही. मला आवाज येत होता. पहिल्या दिवशी कुठून येतोय ते कळलं नाही, दुसऱ्या दिवशी सापडलं. तार हाडापर्यंत गेली होती.

त्या दिवसापासून माझ्या मनात मारणाऱ्यांचे दोन प्रकार झाले. मारायला हजर राहणारे, आणि यंत्र लावून घरी जाणारे. शिंपलाताईंचा मुद्दा मला कळतो, पण मी शेतात राहून तो पूर्ण पाळू शकत नाही. नांगर फिरला तरी जीव मरतात. उंदीर, साप, पक्ष्यांची अंडी. पानात फक्त भाकरी असली तरी तिच्यामागे काहीतरी मेलेलं असतं.

दगडफूल | बुधवार, सकाळी १०.१०

हजर राहण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे, तो थोडा पुढे नेतो.

जिम कॉर्बेट यांनी १९०७ साली चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. तिला मारल्यावर त्यांनी तोंड पाहिलं तर उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले. एक अर्धा, दुसरा थेट हाडापर्यंत. कुणाच्या तरी जुन्या गोळीने. म्हणजे कुणीतरी कधीतरी बार टाकला, वाघीण जखमी होऊन गेली, आणि तो माणूस घरी परतला. नंतर माणसं मरत गेली तेव्हा त्या बाराशी त्याचा संबंध कुणी जोडला नसणार. कदाचित त्यानेही नाही. शिकारीतला सगळ्यात मोठा गुन्हा मला हा वाटतो: जखमी करून शोध सोडून देणं.

काही देशांनी हे कायद्यात आणलंय. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. पाच गोळ्या, पाचही ठरलेल्या भागात. रानभूल, तुमच्या आजोबांचा नियम त्याच जातीचा आहे. नॉर्वे-स्वीडनमध्ये जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा उपलब्ध असणंही बंधनकारक आहे.

आणि ज्याचा शिकाऱ्याला पत्ताही लागत नाही असा परिणाम: शिशाची गोळी. ती शरीरात फुटते, तिचे बारीक कण आतड्यात राहतात, शिकारी आतडी रानातच टाकून जातो, आणि ती खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाचे काँडर, म्हणजे तिथली मोठी गिधाडं, १९८२ मध्ये जगात २२ उरले होते. त्यांच्या मरणाच्या कारणांत शिसं फार वर होतं आणि अजूनही आहे. तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. जायचंच ठरलं तर तांब्याची गोळी वापरा.

अवांतर: भिंतीवर डोकं टांगण्यासाठी केलेली शिकार या चर्चेत मी धरतच नाही. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सेसिल नावाचा सिंह बाणाने जखमी झाला आणि काही तासांनी मारला गेला. त्या तासांचं ओझं मारणाऱ्याला झालं असेल असं मला वाटत नाही.

शिंपला | बुधवार, सकाळी ११.२५

दगडफूल, नेमबाजीची परीक्षा पास होणं म्हणजे मारण्याचा हक्क मिळणं, हे समीकरण मला समजत नाही. कौशल्याने हक्क कसा मिळेल? कौशल्य असेल तर फार तर गुन्हा लहान होतो.

दगडफूल | बुधवार, दुपारी १२.४०

हक्क मिळतो असं मीही म्हणत नाही. कौशल्य गेलं की काढून घेतला जातो, एवढंच म्हणतो. आधी तो असतो का, यावर आपलं एकमत होणार नाही.

पण एक उदाहरण बघा, मला स्वतःला याने फार अस्वस्थ केलं होतं. नेदरलँड्समध्ये ओस्टव्हार्डर्सप्लासन नावाचं राखीव क्षेत्र आहे. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर हरणं, रानटी वळणाचे घोडे आणि गुरं सोडली, कुंपण घातलं, आणि ठरवलं की माणसाने हात लावायचा नाही. भक्षक प्राणी नव्हतेच. कळप वाढले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली. बहुतेकांना उपासमारीने मरण्याच्या आधी वनरक्षकांनी गोळ्या घातल्या. बाहेर लोक चिडले होते, कुंपणावरून गवताचे भारे आत फेकत होते. गवत फेकणाऱ्यांचं मन मला कळतं. गोळी घालणाऱ्यांचंही कळतं. ज्यांनी कुंपण घातलं आणि लांडगा येऊ शकणार नाही हे माहीत असून "निसर्गाला निसर्गाचं काम करू द्या" म्हटलं, त्यांचं मात्र कळत नाही. न मारण्याचा निर्णयसुद्धा कुणाच्या तरी अंगावर पडतो.

पैलतीर | बुधवार, रात्री १०.३०

मी पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करतात तिथे, नर्स आहे, १९ वर्षं झाली. शिकारीतलं मला काही कळत नाही. आजोबांच्या त्या हाताबद्दल लिहायचंय.

शेवटच्या दिवसांत माणसाचा श्वास बदलतो. खोल होत जातो, मग उथळ होतो, मग थांबतो. वीस सेकंद, तीस सेकंद. खोलीतले सगळे थिजतात. मग पुन्हा सुरू होतो. हे तासन् तास चालू शकतं. या काळात नातेवाईक मला एकच प्रश्न विचारतात, "अजून किती वेळ?" आणि प्रश्न विचारून बाहेर जातात. कॉरिडॉरमध्ये उभे राहतात, फोन करतात, कागदपत्रांचं विचारतात. त्यांना मी दोष देत नाही. आत बसून करण्यासारखं काहीच नसतं, आणि काहीच न करता बसायची सवय कुणालाच राहिलेली नाही.

मी त्यांना काम देते. ओठ ओल्या कापसाने पुसा. हात धरा, चोळू नका, नुसता धरा. ज्यांना काम मिळतं ते थांबतात. लोकांची भीती असते की मॉर्फिनने आम्ही माणूस मारतो. योग्य मात्रेतलं मॉर्फिन मारत नाही, श्वासाची तगमग उतरवतं. हेही समजावून सांगावं लागतं. ऐकायला माणूस खोलीत असावा लागतो.

शिंपलाताई, तुम्ही म्हणालात की स्वतःला मरण समजावं म्हणून दुसऱ्याचं वापरायचं हे चूक. पटतं. पण मग मरण समजणार कुठून, हा प्रश्न माझ्यापुढे रोज उभा असतो. माझ्याकडे येणारी पन्नाशीची माणसं असतात ज्यांनी आयुष्यात एकही जीव मरताना पाहिलेला नसतो. आणि पहिला पाहायचा तो आपल्या आईचा.

रानभूल | गुरुवार, रात्री १२.१५

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. पैलतीर, तुमचा बऱ्याच वेळा.

फेब्रुवारीबद्दल लिहिलं नव्हतं, आता लिहितो. आजोबा घरीच गेले. त्यांची मुलगी, मी आणि एक नर्स होतो. श्वास तुम्ही म्हणता तसाच झाला होता. मुलगी मधेच उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली, जी आधीच घासलेली होती. मी तिथेच होतो, पण खरं सांगायचं तर सबंध रात्रभर मी खिडकीतून बाहेर बघत होतो. पहाटे चारला श्वास थांबला तो परत आला नाही. मग मला त्यांचं ते वाक्य आठवलं आणि मी त्यांच्या मानेखाली हात घातला. ऊब जायला फार वेळ लागतो. हरणीच्या वेळी मी लांब उभा होतो, मला माहीत नव्हतं किती वेळ लागतो.

शिंपलाताई, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. ती हरीण माझं मरणाचं शिक्षण व्हायला जन्मली नव्हती. मी शिकार का करायचो याचं खरं कारण शोधतोय. मांस खाल्लं जायचं, वाया काहीच गेलं नाही, पण ते कारण नव्हतं. पहाटे चार तास न हलता बसलं की आपण त्या जागेचा भाग होतो. खार अंगाजवळून जाते. दुर्बीण घेऊन हे होत नाही असं मी म्हणायचो. आता वाटतं, मी तसा कधी नीट बसूनच पाहिलं नाही. बंदूक होती म्हणून तेवढा सावध होतो, आणि त्या सावधपणालाच मी प्रेम म्हणत होतो. की ते प्रेमच होतं? मला खरंच कळत नाही.

कवडसा | गुरुवार, सकाळी ८.४०

ते प्रेम होतं असं मला वाटतं. प्रेम असल्याने मारणं बरोबर ठरत नाही, ही वेगळी गोष्ट.

एक आठवलं. महाभारतात वनपर्वात एक छोटा प्रसंग आहे. पांडव द्वैतवनात राहून मृगया करून जगत असतात. एका रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणं येतात. रडत, थरथरत. म्हणतात, आम्ही तुझ्या भावांनी मारून उरलेली, थोडी, बीजापुरती राहिलो आहोत. तू दुसरीकडे जा, म्हणजे आमचा वंश वाढेल. सकाळी युधिष्ठिर भावांना सांगतो आणि सगळे ते वन सोडून काम्यकवनात जातात. हरणं शाप देत नाहीत, शिकार पाप आहे असंही म्हणत नाहीत. जागा बदल, एवढंच मागतात. आणि तो ऐकतो.

ओलीमाती | गुरुवार, दुपारी २.०५

पण काम्यकवनातही हरणं असतीलच ना.

कवडसा | गुरुवार, दुपारी २.३०

असतील. तो प्रश्न तसाच राहतो.

शिंपला | गुरुवार, रात्री ९.१०

रानभूल, मी मूळ लेखाला कडक लिहिलं. मत तेच आहे. पण फेब्रुवारीचं वाचून एक सांगावंसं वाटलं. माझे बाबा गेले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. पैलतीरनी लिहिलंय तशीच. फोनवर होते, कुणाशी बोलत होते तेही आठवत नाही. मी प्राण्यांसाठी इतकं बोलते, त्यांच्या वेदनांबद्दल वाचते. ट्राउट माशाच्या ओठात आम्ल टोचल्यावर तो ओठ तळाच्या खड्यांवर घासतो, हे २००३ मधल्या संशोधनात वाचून मी मासे खाणं सोडलं. आणि बाबांच्या खोलीत मला पाच मिनिटं बसवलं नाही.

याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध आहे की नाही माहीत नाही. तुम्ही पुन्हा शिकार करू नये असंच मला वाटतं. पण त्या हरणीकडे परत गेलात, सोडून आला नाहीत, हे मी पहिल्यांदा वाचताना नोंदलं नव्हतं. ते आज नोंदते.

पैलतीर | गुरुवार, रात्री ९.५५

शिंपला, कॉरिडॉरमध्ये असलेली माणसंही तिथेच असतात. घरी गेलेली नसतात. एवढंच.

रानभूल | रविवार, सायंकाळी ६.३०

काल रेंजवर गेलो. आजोबांची रायफल, शंभर मीटर, पाच गोळ्या. या वेळी तांब्याच्या. पाच बसल्या. आधीच सांगतो, चार बसाव्यात असं मनातून वाटत होतं, म्हणजे निर्णय माझ्यावर राहिला नसता.

घरी येऊन रायफल साफ केली आणि कपाटात ठेवली. या हंगामात मी बार टाकणार नाही. पुढच्या हंगामाचं आज बोलत नाही. कायमचं सोडलं असं म्हटलं तर शिंपलाताईंना बरं वाटेल, पण ते खरं ठरेल याची मला खात्री नाही, आणि या धाग्यावर खोटं लिहायचं नाही.

दुसरं एक ठरवलंय. दगडफूल यांनी माग काढणाऱ्या कुत्र्यांचं लिहिलं, तेव्हापासून डोक्यात होतं. इथे अशा लोकांचा एक गट आहे. कुणाच्याही हातून जनावर जखमी होऊन गेलं की त्यांना फोन येतो, रात्री-अपरात्री कुत्रा घेऊन जातात, सापडेपर्यंत शोधतात. पैसे घेत नाहीत. त्यांच्याकडे आज नाव दिलं. एका माणसाकडे दहा आठवड्यांची कुत्री आहे, ती मला देतो म्हणाला. या वर्षी तिच्याबरोबर नुसतं शिकायचं. सहा तास कसे थांबायचे ते मला आधीच शिकवलं गेलंय.

तिसरा प्रहर, तुम्ही पशुवैद्य आहात म्हणून विचारतो. इतक्या लहान पिल्लाला माग काढायला कधीपासून लावावं?

तिसरा प्रहर | रविवार, रात्री ९.२०

लगेच सुरू करा, पण अगदी थोडं. हरणाच्या कातडीचा तुकडा दोरीला बांधून गवतातून तीस-चाळीस पावलं ओढत न्या, सरळ रेषेत, आणि शेवटी तो तिथेच ठेवा. तिला लांब दोरीवर सोडा आणि तुम्ही मागे राहा. तिला ओढू नका, पुढे जाऊ नका, चुकली तर बोलू नका. चुकलेली वाट तिची तिला सापडू द्या. सापडल्यावर त्या तुकड्याशी हवा तेवढा वेळ बसू द्या, लगेच उचलू नका. आठवड्यातून दोनदा पुरे. वळणं महिन्याभराने घाला, आणि मग हळूहळू माग शिळा करत न्या. आधी तासाभराचा, मग तीन तासांचा, मग रात्रभराचा. गळ्याला पट्टा रुंद घ्या, अरुंद पट्टा श्वासनळीवर येतो. लसी झाल्यात का ते आधी बघा, पंधरा दिवस राहिले असतील तर तोवर अनोळखी रानात नेऊ नका, घरामागच्या गवतातच करा.